टायमर वाजेलच, याची खात्री कशी करावी: नवख्यांसाठी पायरी-पायरीने

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दोन प्रकारचे थेंब दिले होते. दिवसातून चार वेळा घालायचे, आणि एक औषध घातलं की दुसरं घालायच्या आधी किमान पाच मिनिटं थांबायचं, नाहीतर दुसरं औषध पहिल्याला धुऊन काढतं. मी तिच्या फोनवर चारही वेळांचे गजर लावले, पाच मिनिटांचा टायमर कसा लावायचा ते दाखवलं आणि ऑफिसला गेले. संध्याकाळी घरी आले तर दुपारचे थेंब राहिलेले. आई म्हणाली, "फोन उशाशीच होता गं, वाजलाच नाही."

फोन बिघडला नव्हता. आदल्या रात्री तिची झोपमोड नको म्हणून मीच त्यावर ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावलं होतं, आणि त्या सेटिंगमध्ये अलार्मला असलेली सूट बंद होती. गजर वेळेवर झाला, पडद्यावर दिसलाही, पण आवाज न करता. डोळ्यावर पट्टी असलेल्या माणसाला पडद्याचा काय उपयोग?

त्या आठवड्यात मी आमच्या कोथरूडच्या घरातलं वेळ मोजणारं एकेक यंत्र तपासलं. फोन, लॅपटॉप, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन, गीझरचा प्लग. जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. पहिल्यांदाच घर सोडून पुण्यात खोली घेतलेली मुलं-मुली आणि नवा स्मार्टफोन हाती आलेले आजी-आजोबा, दोघांनाही उपयोगी पडावं असा प्रयत्न आहे.

सुरुवात करण्याआधी: वाटी आणि घड्याळ

पूर्वी लग्नात मुहूर्त साधायला घटिकापात्र मांडत. मोठ्या पात्रात पाणी घ्यायचं आणि तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी त्यात तरंगत सोडायची. भोकातून पाणी शिरतं, वाटी हळूहळू भरते आणि बुडते. याला २४ मिनिटं लागतात. ती एक घटका. अशा ६० घटका म्हणजे दिवस आणि रात्र मिळून एक अहोरात्र. ‘घड्याळ’ हा शब्दही त्याच घटीवरून आला. या वाटीला किती वाजले ते ठाऊक नसतं. आपण सोडल्यापासून किती वेळ गेला एवढंच तिला कळतं, आणि मध्येच कुणी ती उचलली तर मोजणी तिथेच संपते.

आपल्या घरातले टायमरही दोन जातींचे असतात. काही त्या वाटीसारखे: एकेक सेकंद मोजत जातात, वीज गेली किंवा यंत्र झोपलं की मोजणीही थांबते. दुसरे घड्याळासारखे: ‘सव्वासातला वाजवायचं’ अशी नोंद करून ठेवतात आणि चालू घड्याळाकडे पाहत राहतात. वैताग आणणारे जवळजवळ सगळे प्रसंग मला एकाच गोष्टीतून आलेले दिसले: आपण ज्याला घड्याळ समजत होतो, ती वाटी होती. म्हणून पुढे प्रत्येक यंत्रापाशी हा प्रश्न आधी विचारायचा. वीज किंवा झोप मध्ये आली तर याच्या मोजणीचं काय होतं?

पायरी १: टायमर लावायचा की गजर, ते ठरवा

माझा नियम असा: तासाच्या आतलं काम असेल तर टायमर, तासाच्या वरचं असेल तर गजर. तीन तासांचा टायमर लावला की तो कधी संपणार हे घरात कुणालाच सांगता येत नाही. ‘४:३० ला डोसाचं पीठ फ्रिजमध्ये’ असा गजर असेल तर फोन हाती घेणाऱ्या कुणालाही कळतं.

गजर लावताना फोनचं घड्याळ २४ तासांच्या पद्धतीचं करून घ्या. सेटिंगमध्ये तारीख आणि वेळ याखाली ते सापडतं. दुपारचे १२ आणि रात्रीचे १२ यांत एएम कुठला आणि पीएम कुठला, हा घोळ चांगल्या शिकलेल्या माणसांचाही होतो. २४ तासांच्या घड्याळात दुपारचे १२ म्हणजे १२:०० आणि मध्यरात्र म्हणजे ००:००, प्रश्नच उरत नाही.

आणि प्रत्येक टायमरला नाव द्या. ‘भात’, ‘थेंब दुसरा’, ‘मोटर बंद’. अँड्रॉइडवर एकापेक्षा जास्त टायमर बऱ्याच वर्षांपासून लावता येतात, आयफोनवर ही सोय २०२३ साली आयओएस १७ पासून आली. तीन टायमर चालू असताना नाव नसलेला एक वाजला की आधी गॅसकडे धावायचं की नळाकडे, हे कळत नाही.

पायरी २: फोन खरंच ऐकू येतो का, ते पाहा

ही पायरी कंटाळवाणी वाटेल, पण तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. एक मिनिटाचा टायमर लावा. फोन नेहमी जिथे असतो तिथेच ठेवा. मिक्सर चालू करा, किंवा बाथरूममध्ये नळ सोडून उभे राहा, दार लोटून घ्या. ऐकू आला? नाही आला तर पुढच्या गोष्टी एकेक करून बघा.

अँड्रॉइड फोनमध्ये आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्या असतात: गाण्यांची, रिंगची, सूचनांची आणि अलार्मची. बाजूचं बटण दाबून आपण बहुतेक वेळा फक्त गाण्यांची किंवा रिंगची पट्टी हलवतो. टायमरचा आवाज अलार्मच्या पट्टीवर चालतो. बटण दाबल्यावर पडद्यावर येणाऱ्या पट्टीजवळच्या तीन टिंबांवर बोट ठेवा, सगळ्या पट्ट्या दिसतील; घड्याळाचं चित्र असलेली पट्टी वर सरकवा. फोन सायलेंटवर असला तरी सहसा गजर वाजतो, हे चांगलंच आहे.

आयफोनमध्ये सायलेंटचं बटण घड्याळातला गजर आणि टायमर अडवत नाही. मात्र रिंग आणि गजर यांचा आवाज एकाच पट्टीला बांधलेला आहे. मीटिंगमध्ये रिंग हळू केली तर सकाळचा गजरही हळू होऊ शकतो. सेटिंगमध्ये आवाजाच्या भागात जाऊन बाजूच्या बटणांनी ही पट्टी बदलण्याची सोय बंद करून टाका, म्हणजे खिशातल्या खिशात बटण दाबलं जाऊन आवाज खाली जाणार नाही.

आयफोनचीच आणखी एक गोष्ट. टायमर संपल्यावर कोणती धून वाजावी ही यादी उघडली की तळाशी ‘स्टॉप प्लेइंग’ असा पर्याय दिसतो. गाणी ऐकत झोपणाऱ्यांसाठी तो छान आहे, ठरल्या वेळेला गाणं बंद होतं. पण तो निवड तशीच लक्षात ठेवतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही भातासाठी दहा मिनिटं लावता आणि टायमर संपला तरी तो वाजत नाही, कारण त्याला गाणं थांबवायला सांगितलेलं आहे. माझ्या भावाचे दोन कुकर यात करपले, मग कारण सापडलं.

डू नॉट डिस्टर्बमध्ये जाऊन अलार्मला सूट दिलेली आहे ना, हे तर पाहायचंच. आईच्या फोनवर तेवढं एक बटण चालू केलं आणि पुन्हा कधी थेंब चुकले नाहीत.

राहिलेलं थोडक्यात. फोनवर बोलत असताना टायमर संपला तर अनेक फोन मोठ्याने वाजत नाहीत, कानाशी हलकी टूं-टूं होते आणि बोलण्याच्या नादात ती निसटते. ब्लूटूथ इअरफोन जोडलेला असेल तर आवाज कुठून येतो ते फोनगणिक वेगळं आहे, तुमच्या फोनवर एकदा करून बघा. आणि फोन पूर्ण बंद असेल, किंवा बॅटरी संपली असेल, तर गजर होणार नाही असं धरूनच चला. जुने नोकियाचे फोन बंद असतानाही गजर द्यायचे, त्यामुळे आमच्या पिढीच्या डोक्यात ते पक्कं बसलंय. आजच्या फोनांकडून ती अपेक्षा ठेवू नका.

पायरी ३: औषधासाठी वेगळं ॲप घेतलं असेल तर

फोनमधलं मूळ घड्याळ आणि बाहेरून उतरवलेलं ॲप यांना फोन सारखी वागणूक देत नाही. बॅटरी वाचावी म्हणून अँड्रॉइड पडून राहिलेल्या ॲपना झोपवतं. २०१५ साली आलेल्या अँड्रॉइड ६ पासून ही पद्धत आहे. शिवाय अँड्रॉइड १२ पासून ठरल्या मिनिटाला वाजण्यासाठी वेगळी परवानगी लागते आणि अँड्रॉइड १४ मध्ये नव्याने घेतलेल्या बहुतेक ॲपना ती आपोआप मिळत नाही. घड्याळ आणि कॅलेंडरची ॲप तेवढी अपवाद. परिणाम असा की दुपारी दोनचं औषध ॲप अडीचला, फोन उचलल्यावर, आठवण करून देतं.

म्हणून ॲप उतरवल्यावर दोन गोष्टी करा. सेटिंगमध्ये त्या ॲपच्या पानावर जाऊन ‘अलार्म आणि रिमाइंडर’ ही परवानगी द्या. तिथेच बॅटरीच्या भागात ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. मग फोनला हात न लावता अर्धा तास पडू द्या आणि वेळेवर वाजतं का पाहा. चाचणी करताना आपण फोन हातात धरून वाट पाहतो, तेव्हा तो जागा असतो आणि सगळं नीट चालतं. म्हणून तशी चाचणी खरी नाही.

माझं स्पष्ट मत: डोळ्यांचे थेंब, इन्सुलिन, रक्तदाबाची गोळी यांसाठी फोनचं स्वतःचं घड्याळच वापरावं. दिसायला साधं आहे, पण फोन त्याला झोपवत नाही.

पायरी ४: बोलून टायमर लावताना आकडा वाचा

पीठ मळताना हात भरलेले असतात, तेव्हा बोलून टायमर लावणं फार सोयीचं. मराठीतही चालतं. पण आपली मोजायची रीत यंत्राला नेहमी पेलत नाही. दीड, अडीच, पाऊण, सव्वा. साडेतीन चालतं, पण साडेएक आणि साडेदोन आपण म्हणत नाही, त्यांना स्वतंत्र शब्द आहेत. माझ्या फोनला एकदा ‘पाऊण तास’ सांगितलं तेव्हा त्याने तासाभराचा टायमर लावला. ओव्हनमध्ये नानखटाई होती.

तेव्हापासून मी यंत्राशी बोलताना सरळ मिनिटं सांगते: पाऊण तास म्हणजे ‘पंचेचाळीस मिनिटं’, दीड मिनिट म्हणजे ‘नव्वद सेकंद’. आणि बोलून झाल्यावर पडद्यावरचा आकडा एकदा डोळ्यांनी वाचायचा. आईलाही तेच शिकवलं, फक्त तिच्यासाठी फोनवरची अक्षरं मोठी करून दिली.

पायरी ५: लॅपटॉपवर टायमर लावण्याआधी

लॅपटॉप झोपला की त्याच्यावरचा टायमरही झोपतो. विंडोजचं घड्याळ ॲप हे स्वतःच सांगतं: संगणक जागा असेल तरच सूचना मिळेल. झाकण मिटून तुम्ही चहाला गेलात तर वीस मिनिटांचा टायमर तुम्ही झाकण उघडाल तेव्हाच बोलेल. सेटिंगमध्ये पॉवरच्या भागात किती मिनिटांनी पडदा बंद होतो आणि किती मिनिटांनी लॅपटॉप झोपतो हे दोन वेगळे आकडे असतात. दुसरा आकडा तुमच्या टायमरपेक्षा मोठा हवा. मॅकवर २०२२ साली आलेल्या ‘व्हेंच्युरा’ या आवृत्तीपासून घड्याळ ॲपमध्ये टायमर मिळतो, झाकणाचा प्रश्न तिथेही तोच.

ब्राउझरमधल्या टायमरची गोष्ट वेगळी आणि जरा गमतीची आहे. तुम्ही एखाद्या पानावर २५ मिनिटं लावता आणि दुसऱ्या टॅबवर जाऊन काम करता. क्रोम २०२१ पासून असं करतं की पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ न पाहिलेल्या टॅबमधल्या मोजणीला बहुतेक वेळा मिनिटातून एकदाच जागं होऊ देतं, बॅटरी वाचावी म्हणून. आता ते पान घड्याळ जातीचं असेल तर परत गेल्यावर आकडा बरोबर दिसतो, फार तर वाजायला काही सेकंद उशीर. पण ते वाटी जातीचं असेल, म्हणजे जागं झाल्यावर दर वेळी फक्त एक सेकंद वजा करत असेल, तर अर्ध्या तासाने जाऊन पाहिलं तरी १९ मिनिटं शिल्लक दिसतात. ओळखायचं कसं? पाच मिनिटांचा टायमर लावून लॅपटॉप दोन मिनिटं झोपवा. उठवल्यावर तीन मिनिटांच्या आसपास शिल्लक दाखवलं तर घड्याळ, पाच दाखवलं तर वाटी. वाटी असेल तर ते पान सोडून द्या.

अभ्यासाला बसणाऱ्या मुलांना याचा फटका जास्त बसतो, कारण २५ मिनिटं अभ्यास आणि पाच मिनिटं विश्रांती ही पोमोडोरो पद्धत लायब्रऱ्यांमध्ये आणि अभ्यासिकांमध्ये खूप जण वापरतात. फ्रांचेस्को चिरिलो या इटालियन माणसाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थी असताना ती सुरू केली, ती स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या टायमरवर. पोमोडोरो म्हणजे इटालियनमध्ये टोमॅटो. अभ्यासिकेत वाजणारा टायमर शेजारच्याला त्रास देतो, तेव्हा फोन फक्त थरथरेल असा करून मांडीखाली ठेवा. लॅपटॉपचा टायमर अभ्यासाला मुळीच घेऊ नका.

पायरी ६: स्वयंपाकघर

इथे पहिली गोष्ट ध्यानात घ्यायची: कोणता टायमर नुसता वाजतो आणि कोणता आच बंद करतो. इंडक्शनच्या शेगडीवरचा टायमर सहसा वेळ संपली की शेगडी बंद करतो. मायक्रोवेव्हही थांबतो. पण गॅसला यातलं काही कळत नाही. फोनवर कितीही सुंदर टायमर लावला तरी गॅस तुम्हीच बंद करायचा आहे. म्हणून गॅसवर काही ठेवलं असेल तर फोन ओट्यावर नको, खिशात किंवा गळ्यात हवा. खोलीत एकटं राहणाऱ्यांनी हे विशेष पाळा.

मायक्रोवेव्हला आकड्यांची बटणं असतील तर ९, ० दाबलं की ९० सेकंद चालतो आणि १, ०, ० दाबलं की एक मिनिट, म्हणजे ६० सेकंद. शेवटचे दोन आकडे सेकंदांचे असतात. १०० पेक्षा ९० जास्त, हे एकदा कळलं की दूध उतू जाण्याचं एक कारण कमी होतं. शिवाय ‘टायमर’ असं वेगळं बटण असेल तर ते बऱ्याच मायक्रोवेव्हवर नुसतं वेळ मोजतं, आत काही तापत नाही. माझ्या मैत्रिणीने सात मिनिटांनी दार उघडलं तर बटाटे जसेच्या तसे थंड.

आता शिट्टी. आपण कुकरच्या शिट्ट्या मोजतो आणि त्याला वेळ समजतो. पण शिट्टी किती वेळाने होते हे आच, पाण्याचं प्रमाण, कुकरचा आकार, गॅस्केट यांवर ठरतं. मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या चार मिनिटांत होतात, बारीक आचेवर तेवढ्याच वेळात एकही नाही. कुकरमध्ये दाब चढला की पाणी साधारण १२० अंश सेल्सिअसला पोचतं, आणि अन्न शिजतं ते त्या तापमानात किती वेळ राहिलं त्यावर. म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना मी सांगते: पहिली शिट्टी मोठ्या आचेवर होऊ द्या, मग गॅस बारीक करा आणि तिथून टायमर लावा. भिजवलेल्या तूरडाळीला आमच्या घरी आठ मिनिटं पुरतात. तुमच्या कुकरचा आकडा दोन-तीन वेळा करून पाहिल्यावर सापडेल, तो कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. आईने शिट्ट्यांचा हिशोब सोडला नाही, आणि तिची डाळ उत्तम होते, कारण कुकर, शेगडी, भांडं आणि पाणी तिने ४० वर्षांत बदललेलं नाही. नव्या खोलीत नव्या शेगडीपुढे उभ्या असलेल्या मुलीला तो हिशोब जसाच्या तसा लागू होत नाही.

उघड्या भांड्यात उकडायचं असेल तर आणखी एक बारकावा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, त्यामुळे इथे पाणी १०० ऐवजी जवळपास ९८ अंशांना उकळतं. फरक थोडा आहे, पण मुंबईच्या मावशीने सांगितलेल्या अंड्याच्या वेळेत मी मिनिटभर वाढवते.

पायरी ७: वॉशिंग मशीनचा आकडा हा अंदाज असतो

सेमी-ऑटोमॅटिक मशीनचं फिरवायचं बटण ही शुद्ध वाटी आहे. आत स्प्रिंग असते, ती उलगडत जाते. असं कोणतंही बटण कमी वेळासाठी लावताना आधी जास्त फिरवून मग हव्या आकड्यावर मागे आणा, स्प्रिंगला नीट पीळ बसतो.

पूर्ण ऑटोमॅटिक मशीनवर दिसणारे आकडे मात्र ठरलेले नसतात. पाणी भरायला किती वेळ लागला, कपडे एका बाजूला गोळा झाले का, फेस जास्त झाला का, हे पाहून मशीन आकडा बदलत राहतं. पाण्याला जोर नसेल तर तोच आकडा दहा-दहा मिनिटं हलत नाही. बिघाड समजून बंद-चालू करू नका, आधी नळ पाहा. शेवटी ‘१’ बराच वेळ तसाच राहिला तर बहुतेक वेळा कपडे सारखे पसरवण्याची खटपट चाललेली असते. एकच जाड चादर किंवा एकच जीन्स टाकली की हे हमखास होतं, सोबत दोन टॉवेल टाका. दार पुढून उघडणाऱ्या मशीनचं कुलूप काम संपल्यावरही एक-दोन मिनिटं सुटत नाही, ओढाताण नको.

उशिराने सुरू करायची सोय वापरणार असाल तर तुमच्या मशीनवर भरलेला आकडा सुरू होण्याचा आहे की संपण्याचा, हे माहितीपुस्तकात पाहून घ्या, दोन्ही पद्धतींची मशीन आहेत. पावसाळ्यात कपडे धुऊन ओलेच आत पडले तर कुबट वास धरतात, म्हणून मी घरी पोचण्याच्या वेळेला संपेल असं लावते.

पायरी ८: गीझरचा प्लग, आणि गुरुवार

माझ्या बाबांना पहाटे फिरून आल्यावर, सहा वाजता, गरम पाणी लागतं. मी एक गोल फिरणारा टायमर प्लग आणला होता. त्याच्या कडेला ९६ खुंट्या असतात, एकेक खुंटी १५ मिनिटांची. ज्या खुंट्या दाबाल त्या वेळात वीज चालू. पावणेसहाच्या दोन खुंट्या दाबल्या आणि निश्चिंत झाले.

नंतर एका शुक्रवारी बाबांना गार पाण्याने अंघोळ करावी लागली, आणि पावणेदहाला कुणी न्हाणीघरात नसताना गीझर आपोआप सुरू झाला. गुरुवारी देखभालीसाठी वीज चार तास गेली होती. तो गोल प्लग विजेवर फिरणाऱ्या मोटरने चालतो, वीज गेली की जागीच थांबतो, आणि आल्यावर जिथे होता तिथून पुढे जातो. चार तास मागे पडला तो पडलाच. वाटीच.

पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाणं, पाणी बंद असणं, हे नव्याने आलेल्यांना लवकरच अंगवळणी पडतं. त्यामुळे असा प्लग इथे घ्यायचा असेल तर आत छोटी बॅटरी असलेला डिजिटल घ्या. वीज नसताना त्याचं घड्याळ चालू राहतं. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत विजेच्या सामानाची रांगेने दुकानं आहेत, तिथे विचारताना दोन गोष्टी स्पष्ट सांगा: बॅटरीवाला हवा, आणि १६ अँपिअरचा हवा. २,००० वॉटचा गीझर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास वीज ओढतो. ६ अँपिअरचा स्वस्त प्लग त्याला लावला तर तापून वितळू शकतो. यात काटकसर अजिबात करू नका.

किती वेळ लावायचा, तेही मोजून ठरवता येतं. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला २,००० वॉटच्या गीझरला साधारण २१ मिनिटं लागतात. म्हणजे अर्धा तास भरपूर झाला.

जाता जाता: काही मायक्रोवेव्ह आणि ओव्हनची घड्याळं विजेच्या लहरी मोजून चालतात, आपल्याकडे सेकंदाला ५०. २०१८ च्या जानेवारी ते मार्चमध्ये युरोपच्या वीजजाळ्यात ही संख्या सतत किंचित कमी राहिली आणि बऱ्याच देशांतली अशी घड्याळं जवळपास सहा मिनिटं मागे पडली. घरात एखादं घड्याळ विनाकारण मागे पडतंय असं वाटलं तर आधी ते विजेवर मोजतं की स्वतःच्या क्वार्ट्‌झ स्फटिकावर, हे पाहावं.

पायरी ९: ओटीपी, कोड आणि तत्काळ तिकीट

ओटीपीच्या पानावर ३० वरून उलटे आकडे सुरू झाले की आईचे हात थरथरायला लागायचे. तिला वाटायचं, तेवढ्यात भरला नाही तर सगळं गेलं. तो आकडा बहुतेक ठिकाणी ‘पुन्हा पाठवा’ हे बटण कधी मिळेल त्याचा असतो. ओटीपी किती वेळ चालेल ते मेसेजमध्ये लिहिलेलं असतं, आणि तो वेळ सहसा काही मिनिटांचा असतो. घाईने पुन्हा मागवू नका. नवा आला की सहसा जुना बाद होतो, आणि मग उशिरा पोचलेला जुना भरून चूक होते. सावकाश वाचा, सावकाश भरा. फोनवर कुणी ‘वेळ संपत आलीय, लवकर ओटीपी सांगा’ म्हणालं तर फोन ठेवून द्या.

दर ३० सेकंदांनी बदलणारे सहा आकडी कोड दाखवणारं ॲप वापरत असाल आणि कोड चुकीचा येत असेल, तर फोनचं घड्याळ पाहा. तो कोड त्या क्षणाच्या वेळेवरूनच बनतो. वेळ हाताने बदललेली असेल तर कोड जुळत नाही. तारीख आणि वेळ आपोआप घेण्याचं सेटिंग चालू करा.

तत्काळचं तिकीट एसी वर्गासाठी सकाळी १० ला आणि बाकीच्यांसाठी ११ ला उघडतं, प्रवासाच्या आदल्या दिवशी. तिथे रेल्वेचं घड्याळ चालतं, तुमच्या लॅपटॉपचं नाही. विंडोजमध्ये तारीख-वेळेच्या पानावर ‘सिंक नाउ’ हे बटण आहे, पाच मिनिटं आधी दाबून घ्या. जुना लॅपटॉप किंवा पीसी दर वेळी काही वर्षांपूर्वीची तारीख दाखवत असेल, आणि वेबसाइट असुरक्षित असल्याच्या सूचना येत असतील, तर आतली नाण्याएवढी बॅटरी संपली असण्याची शक्यता मोठी. पुष्कळ मशीनमध्ये ती सीआर २०३२ असते; २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड, नावातच माप आहे.

पायरी १०: वीज आल्यावरची फेरी

आमच्याकडे आता गुरुवारी वीज परत आली की आई आणि मी मिळून घरभर एक फेरी मारतो. मायक्रोवेव्हचं घड्याळ लावायचं. काही ओव्हन वेळ लावल्याशिवाय सुरूच होत नाहीत. वॉशिंग मशीन मध्येच थांबलं असेल तर पुढे चालू झालं की सुरुवातीपासून, ते पाहायचं. गीझरच्या प्लगवरची वेळ फोनशी ताडून बघायची. वायफाय परत जोडलं गेलं का, कारण वायफायवर चालणारे स्मार्ट प्लग त्यावाचून चुकतात. एवढं पाच मिनिटांत होतं.

आईच्या थेंबांसाठी मी फोनच्या जोडीला एक स्प्रिंगचा गोल टायमर आणला आहे. तो वाटीच आहे, पण पाच मिनिटांसाठी वाटी पुरते, आणि त्याला वीज लागत नाही. ती तो दहापर्यंत फिरवते, पाचवर मागे आणते, पहिला थेंब घालते आणि डोळे मिटून पडून राहते. वाजला की दुसरा. मग फ्रिजवरच्या कागदावर पेन्सिलीने बरोबरची खूण.